कौलं परतायची आहेत

पावसाआधीच्या दिवसांत बाजारातून बँकेत जायचं म्हणजे हातात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, पिशवी असतेच. त्या दिवशी माझ्या पिशवीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, होती. एसीच्या गारव्यात त्यांचा वास असा काही फिरला की रांगेतल्या पुढच्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पिशवीचं तोंड आवळत उभी होते तेव्हाच बाई दिसल्या. आमच्या वाड्यावर त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. अर्ध्या गावाने मराठी शाळेत त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवली आहे. काउंटरपलीकडच्या मुलीकडे त्यांनी मुदत ठेवीची पावती सरकवली होती. ठेव मोडायची होती. मला पाहून त्या हसल्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “कौलं परतायची आहेत गो. पाऊस तोंडावर आला.”

मे महिन्याच्या शेवटी गोव्यात हे वाक्य ऐकून कुणीही मान डोलावेल. मीही डोलावली, आणि डोलावता डोलावताच आठवलं की बाईंच्या छपरावर कौलांच्या वरून पत्रे चढवून बराच काळ झाला आहे. ते निळे पत्रे आमच्या गच्चीवरून दिसतात. त्यांच्या डाव्या हातात पदराखाली फोन होता आणि त्याचा पडदा उजळलेला होता. काउंटरवरच्या मुलीनेही तो पाहिला असावा. ती पेडण्याकडची, नवीनच आलेली. तिने पावती बाजूला ठेवली आणि हळूच विचारलं, “काकी, पुताक फोन केलो?” बाई म्हणाल्या, तो मस्कतला असतो, त्याला कशाला त्रास. मुलगी उठली, “साहेबांची सही लागते, आत बसा” म्हणत त्यांना केबिनमध्ये घेऊन गेली, आणि जाता जाता तो फोन त्यांच्या हातातून अगदी सहज काढून टेबलावर पालथा ठेवला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आदल्या संध्याकाळपासून बाई एका गणवेशधारी माणसाच्या व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले होते, त्यांच्या आधारवर कुठेतरी खातं उघडलं गेलं होतं, आणि चौकशी पुरी होईपर्यंत सगळी रक्कम ‘सरकारी’ खात्यात ठेवायची होती. एक पैसाही गेला नाही. गावात दोन दिवस त्या मुलीचं कौतुक झालं. माझ्या डोक्यातून जात नव्हती ती मात्र कौलं. चौथीत पाटीवर नक्कल केली म्हणून मला अंगठे धरून उभं करणारी बाई, माझ्याकडे बघून हसत, ऋतूला शोभेल असं खोटं बोलली होती. तेही किती सफाईने!

“शिकलेली बाई, आणि तिला एवढं कळू नये?” हे वाक्य त्या आठवड्यात पसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानात, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे ऐकलं. मला त्या वाक्याचा राग येतो. ते म्हणणाऱ्याला वाटतं की फसणं ही अकलेची परीक्षा आहे आणि आपण त्यात आधीच पास आहोत. खरं तर या लोकांना अडाणी माणूस फारसा उपयोगाचा नाही. त्यांना कागद मानणारा माणूस हवा असतो, कराची पावती जपून ठेवणारा, सरकारी पत्र आलं की चष्मा लावून दोनदा वाचणारा. आधी एक ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. मग कुणी अधिकारी येतो, मग त्याच्या वरचा. मागे भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर फायलींचा ढीग, अधूनमधून वायरलेसची खरखर. थोड्या वेळाने न्यायालयाचा आदेश म्हणून शिक्क्यासह कागद येतो. आमच्या आजोबांच्या पिढीला शिक्का मारलेला कागद पाहिला की घाम फुटायचा. ती भीती आमच्या घरांतून १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यानंतरही गेलेली नाही, फक्त शिक्क्याची भाषा बदलली. त्यात समोरचा हिंदीत बोलतो. घरात कोकणी, पेपर मराठी, अशा माणसाचं हिंदी मुळातच जरा अदबीचं असतं. ‘जी सर’ आपोआप तोंडातून निघतं, आणि एकदा ‘जी सर’ म्हटलं की उलट प्रश्न विचारायची हिंमतच राहत नाही.

या जाळ्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. भारतीय कायद्यात असं काही नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्सचा अधिकारी व्हिडिओ कॉलवरून अटक करत नाही, आणि चौकशीसाठी पैसे ‘तपासून परत’ देण्याचीही पद्धत नाही. फौजदारी कायद्याखालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला या प्रकाराची स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला ज्या कागदांनी लुबाडलं ते खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे बनावट आदेश होते. एक कोटीहून अधिक रक्कम गेली. तिथे ‘एवढं कळू नये?’ म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

त्याआधी, २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘रुको, सोचो, एक्शन लो’ असा मंत्र दिला होता. त्यातलं पहिलं आणि तिसरं ठीक आहे. पण घशाला कोरड पडलेली असताना, रात्रभर झोप नसताना, समोर गणवेश बघत असताना एकट्या माणसाने विचार करायचा म्हणजे काय करायचं?

एकट्या माणसाने, हेच तर.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दुपारी दोघे जण आले होते, सायकलवरून. पितळ-तांब्याची भांडी चमकवून देतो म्हणाले. आजीने ओटीवर समई आणून दिली. त्यांनी कसलीशी पूड लावून ती अशी लखलखीत केली की आजीचा चेहरा त्यात दिसायला लागला. पैसे घेतले नाहीत. मग म्हणाले, सोनंही करून देतो. आजीच्या हातात दोन बांगड्या होत्या. त्या हळदीच्या पाण्यात बुडवायच्या, भांड्यावर झाकण ठेवायचं आणि अर्धा तास ते उघडायचं नाही, असा त्यांचा नियम. हे लोक नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात दागिना बुडवतात. सोन्याचा थर त्यात विरघळतो, दागिना हलका होऊन परत मिळतो किंवा मिळतच नाही, आणि सोनं बाटलीत बसून निघून जातं. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं आठवतं की आजी बांगडी मनगटावरून सरकवायला साबण मागत होती आणि तेवढ्यात समोरच्या घरातली सुलूमावशी अर्धा नारळ मागायला आली. नारळ घेऊन गेली नाही. ओटीवर बसली. कुठले तुम्ही, कुणाकडे उतरलात, फोंड्यात कुणाला ओळखता, लग्न झालंय का, असं तिने सुरू केलं. ती पान लावायला लागली तेव्हा त्या दोघांनी सायकली काढल्या.

सुलूमावशीच्या परसात अकरा माड होते. तिला नारळ कशाला लागतोय?

त्या भोचकपणाचा आम्हा मुलींना पुढे भयंकर कंटाळा आला. कुणाचं पत्र आलं हे पोस्टमन ते देण्याआधीच वाड्यावर माहीत असायचं. पसऱ्यावरच्या एकमेव फोनवर बोलायचं म्हणजे तांदूळ निवडणाऱ्या दोन बायांच्या साक्षीने बोलायचं. मी पणजीला खोली घेऊन राहिले त्यात नोकरीपेक्षा या डोळ्यांपासून सुटका हेच मोठं कारण होतं. पण आता वाटतं, फसवणुकीचे प्रकार शंभर असतील, त्या सगळ्यांना लागणारी हवा एकच: दुपारी दोनची सामसूम. फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, मुलाला सांगितलंत तर तोही गोत्यात येईल, झाकण अर्धा तास उघडू नका. शेअर बाजारात नफा करून देतो म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपात शंभर माणसं नफ्याचे फोटो टाकत असतात, तरी तिथेही माणूस एकटाच असतो. ते शंभर जण एकाच टोळीचे. आणि आमचे वाडे आता बारा महिने दुपारी दोनसारखेच असतात. मुलगा मस्कतला, मुलगी पुण्याला, शेजारचं घर लिस्बनला गेलेल्यांचं, त्याच्या पडवीवर पिंपळ उगवलेला. गोव्यात बनावट जुन्या कागदांवर लोकांच्या वडिलोपार्जित जमिनी हडपल्या गेल्या आणि २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, तेव्हाही जमिनी निवडल्या गेल्या त्या अशाच, ज्यांचे मालक परदेशात किंवा वारलेले, आणि विचारणारं कुणी नाही. फोनवरचा गणवेशधारी आणि तो जमिनीचा दलाल एकमेकांना ओळखत नसतील, पण ‘इथे कुणी येऊन बसणार नाही’ हे दोघांनाही आधी हेरावं लागतं.

अर्थात माझं हे म्हणणं सगळीकडे लागू पडत नाही. गेल्या हिवाळ्यात, लग्नसराईत, आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक आमंत्रण आलं. पाठवणारा चुलतदीर, माणूस सज्जन, मुलगी लग्नाची. फक्त पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात नव्हती. नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं. एपीके म्हणजे कागद नव्हे, अॅप. ते उघडलं की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी दुसरीकडे वाचले जातात. वाहतुकीच्या चलनाच्या नावानेही हेच येतं. दिराचा फोन आधीच ताब्यात गेला होता आणि तोच ग्रुपभर पत्रिका वाटत सुटला होता. म्हणजे इथे एकटेपणा नव्हता, गोतावळाच वापरला गेला. एका जावेने लिहिण्याऐवजी सरळ फोन लावून “भाऊजी, मुहूर्त कधीचा?” विचारलं म्हणून कळलं. दीर शेतात होते. त्यांना मुहूर्ताचा पत्ताच नव्हता.

मामेबहीण शिवोलीला राहते. डिसेंबरात तिच्या फाटकाशी दर थोड्या दिवसांनी कुठलीतरी गाडी थांबते. नाशिकचं, इंदूरचं कुटुंब, पोरं झोपाळलेली, गाडीच्या टपावर रबरी बोट. ‘इथे तो निळ्या खिडक्यांचा व्हिला कुठे?’ निळ्या खिडक्यांचं घर आहे, समोरच, पण ते भाड्याने नाही. त्याचे फोटो कुणीतरी उचलून जाहिरातीत लावले आणि नाताळच्या आठवड्यात अर्ध्या भावात देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली. ती त्यांना पाणी देते, पोरांना बिबिंका देते आणि प्रत्येक वेळी तिला गोव्याची लाज वाटते, जणू फसवणारा गोव्यातलाच असेल. येणाऱ्यांना ती आता आधीच सांगून ठेवते: पर्यटक उतरवणाऱ्या जागेला १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा, व्हिडिओ कॉलवर घराबरोबर समोरचा रस्ताही दाखवायला सांगा, पैसे ज्या नावावर जातात ते नाव आणि मालकाचं नाव जुळतं का बघा. आणि नाताळात अर्धा भाव? नाताळात इथे दुचाकीसुद्धा अर्ध्या भावात मिळत नाही.

सूचनांचं मात्र मला एक खटकतं. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं दिवसातून तीनदा येतं, आणि दुपारी गॅसवाला दारात उभा राहून म्हणतो, “भाभी, ओटीपी.” तो खरा असतो. पार्सलवालाही मागतो, तोही खरा. मग म्हाताऱ्या माणसाने ओळखायचं कसं? मी आईला नियम पाठ करायला लावणं सोडलं आणि संदेश पूर्ण वाचायला लावला: आकडा कशासाठी आहे ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. सिलिंडरचा असेल आणि सिलिंडर दारात असेल तर दे. त्यात रुपये दिसले तर देऊ नको. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. जुना फ्रिज विकताना ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा घ्यायलाच बसलेला असतो. एका व्यक्तीने दुसऱ्याला पैशांची मागणी पाठवायची जी सोय यूपीआयमध्ये होती, ती या फसवणुकीपायीच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. बँकांच्या संकेतस्थळांचंही बरं झालं: रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं. हा पत्ता टपालाच्या पत्त्यासारखा वाचायचा. पाकिटावर घराचं नाव काहीही लिहा, ‘श्रीमंगेश कृपा’ लिहा नाहीतर ‘राजभवन’, पत्र कुठे जाणार ते शेवटच्या ओळीतल्या गावावरून ठरतं. दुव्यात सुरुवातीला बँकेचं नाव असेल, मध्येही असेल. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेआधी शेवटी काय आहे ते बघायचं. बँकेचा व्यवहाराबद्दलचा खरा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावा, अशीही आता व्यवस्था आहे. पण तोतया कुठलाही आकडा दाखवू शकतो या हिशेबाने मी तरी फोन ठेवते आणि कार्डामागच्या क्रमांकावर आपणहून लावते. हे सगळं सांगताना माझा आवाज वैतागलेल्या मास्तरणीसारखा होतो, आणि आई निमूट ऐकते तेव्हा मला वाईट वाटतं. जिच्या घरी वाटसरूला विचारपूस न करता पेज वाढली जायची, तिला मी दारातल्या प्रत्येकावर संशय घ्यायला शिकवते आहे.

पलीकडे कोण असतं, हा विचारही सोडवत नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या, फोनवरून फसवणूक चालवणाऱ्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना दोन दिवसांत वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणलं. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली ही मुलं. तिथे पारपत्र काढून घेऊन त्यांना फोनवर बसवलं होतं. गोव्यात हे वाचताना बोटीवरच्या नोकरीसाठी एजंटाकडे पैसे भरून बसलेला आपला कुणीतरी भाचा आठवतोच. खरी जहाज कंपनी उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेत नाही, आणि बोटीवर पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. पण तारवटी होण्याचं स्वप्न इथे इतकं जुनं आहे की हे तपासायच्या आधीच घरी मिठाई वाटली जाते. दुसरीकडे, कॉलेजातली पोरं महिन्याला काही हजारांसाठी आपलं बँक खातं ‘वापरायला’ देतात. कुणा म्हातारीची ठेव त्याच खात्यातून पुढे सरकते, आणि पोलीस आधी पोचतात ते त्या पोराच्या घरी. त्याच्या आईला तरी कुठे माहीत असतं?

महिनाभर बाई भजनाला आल्या नाहीत. पैसे वाचले होते, तरीही. एका संध्याकाळी मीच गेले. छपरावरच्या पत्र्यांवर पाऊस असा वाजत होता की मोठ्याने बोलावं लागत होतं. मी कौलांचा विषय काढणार नव्हते, त्यांनीच काढला. त्या माणसाने फक्त घरकामाचं काही कारण सांगा म्हटलं होतं. “कौलं माझी,” बाई म्हणाल्या. रात्रभर जागून त्यांनी ठरवलं होतं की कुणी विचारलं तर काय पटेल. “मला तुम्हा सगळ्यांपासून लपवायचं होतं ना. पोलिसांनी मला धरलंय हे.” त्यांना त्या माणसाची भीती होतीच, पण वाड्याची त्याहून जास्त होती. मला सुलूमावशी आठवली आणि पहिल्यांदाच तिच्याबद्दलही जरा शंका आली: आमच्या डोळ्यांना घाबरूनच माणसं दार लावून घेत असतील तर? मदतीला येणारी शेजारीण आणि गावभर बोलणारी शेजारीण एकच असते.

या लाजेचीही किंमत मोजावी लागते. पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर बँकांना तातडीने कळवलं जातं आणि रक्कम पुढच्या खात्यात उडायच्या आत काही वेळा अडकवता येते. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार करता येते. व्यवहाराचा क्रमांक आणि संदेश पुसायचे नसतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातून माहिती गेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. पण लोक दोन दिवस घरात सांगत नाहीत. तोवर पैसा पाच खाती ओलांडून गेलेला असतो.

चतुर्थीआधी देवळाच्या समितीची बैठक झाली तेव्हा त्या पेडण्याच्या मुलीने १९३० क्रमांक सभामंडपात मोठ्या अक्षरांत लावायला सुचवलं. खजिनदार म्हणाले, देवळात पोलिसांचा नंबर बरा दिसत नाही. कुणी म्हणालं, देणगीदारांच्या यादीखाली लावा, तिथे सगळेच आपलं नाव शोधायला येतात. बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, खाली अजून एक ओळ घाला, ‘शेजारी विचारा’, आणि मजकूर मी लिहून देते. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग फलक मराठीत लिहायचा की कोकणीत, यावर दोन तट पडले, चहा दोनदा झाला, राजभाषा कायद्यापर्यंत प्रकरण गेलं. आकडे दोन्हीकडे सारखेच, असं एक पोरगा मागून ओरडला, पण त्याचं ऐकतोय कोण. पुढची बैठक आता अनंत चतुर्दशीनंतर आहे.